झाकण बंद, रोप आत

अरे थांबा, चहा सांगा, पण आधी हे ऐका. काल गावाहून आलो तेव्हापासून आनंद पोटात मावत नाहीये. माझी ताई, कामिनी, तिचं एम.एस्सी.ला जायचं पक्कं झालं! पण कसं झालं ते ऐका, त्यातच मजा आहे. म्हणजे आधी रडारड आहे, मजा नंतर.

सावद्याजवळ आमचं केळीचं वावर. आबा, म्हणजे माझे वडील, जन्मभर केळीच करत आलेले. ताईनं बी.एस्सी. केलं आणि तिचा सगळा जीव टिश्यू कल्चरमध्ये अडकला. म्हणजे कसं, केळीच्या कोंबाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, बाटलीत जेलीसारखं खाद्य असतं त्यात ठेवायचा, झाकण गच्च लावायचं, आणि त्या एवढ्याशा तुकड्यातून रोपंच रोपं. आम्ही दरवर्षी वावरात लावतो ती रोपं अशीच बनतात, पण आबांनी ती पिशवीतच बघितलेली. पिशवीच्या आधी ती कुठं राहतात, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

तर ताईचा विद्यापीठात नंबर लागला, जळगावला, दोन वर्षं. आणि नेमके त्याच आठवड्यात प्रेमराजकाका आले. आबांचे लहानपणापासूनचे दोस्त, त्यांचं केळीचं पॅकिंग सेंटर आहे. म्हणाले, "पोरीले सुपरवायझर करतो. घरची पोरगी, घराजवळच काम." आई तर तिथल्या तिथं खूश. आबाही अर्धे तिकडंच झुकले.

ताई म्हणाली, "आबा, तिथं दहा वर्षांनीही मी खोकीच मोजत असेन."

"दहा वर्सांचं कोनी पाह्यलं व माय?"

"मी पाहिलंय. हे शिकले तर लॅबमध्ये जाईन, संशोधन केंद्रात जाईन, उद्या आपलीच रोपं आपणच करू. शिकलेलं कुठं जात नाही."

आबांनी सुपारी कातरली. मग म्हणाले, "दाखव मले. हे बाटलीतलं मले दाखव, घरात. मुळ्या फुटल्या तं जाय जळगावले. नाही फुटल्या तं प्रेमराजकडे."

बस्स, ठरलं! ताईनं कॉलेजातल्या सरांना विनवून पाच बाटल्या आणल्या. केळीची पाच छोटी छोटी रोपं, हिरवीगार, अजून मुळ्या न फुटलेली, जेलीत उभी. मधल्या खोलीत फळीवर ठेवल्या, वर ट्यूबलाइट लावली, आणि सगळ्यांना दम दिला, उन्हात न्यायच्या नाहीत, हलवायच्या नाहीत, ट्यूब बंद करायची नाही. मी तर तिकडून जाताना श्वाससुद्धा हळू घ्यायचो, हसू नका, खरंच!

आणि पहिला आठवडा झकास गेला. शेजारपाजारचे बघायला यायचे. आई म्हणायची, "बारशाले आल्यावानी येऊ राह्यले लोकं."

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ताईची किंकाळी. मी दात घासत होतो, तसाच पळालो, तोंडात फेस. बघतो तर पाचही बाटल्यांत बुरशी. पांढरे कापसासारखे गोल, एक तर मधोमध काळा पडलेला. ताई तिथंच खाली बसली, बाटली मांडीवर घेतली आणि तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी. मी आपला तिच्या शेजारी बसलो.

आबा दारात उभे. आई म्हणाली, "जाऊ दे बाई, नशिबात प्रेमराजभाऊच्याच इथलं लिहेल असन."

हे ऐकलं आणि ताईनं डोळे पुसले. बाटली उचलली, ट्यूबजवळ धरली, फिरवून फिरवून बघायला लागली. दुसरी बघितली. तिसरी. मग म्हणाली, "ही आतून आलेली नाही."

"म्हंजे?" आबा.

"रोपातच खोट असती तर बुडाशी दुधासारखं गढूळ झालं असतं. इथं बुडं स्वच्छ आहेत. बुरशीचे ठिपके जेलीवर आहेत, रोपापासून लांब लांब. म्हणजे वरून पडली, हवेतून. कोणीतरी झाकणं उघडली." मग तिनं बाटली जरा तिरकी केली. "आणि हे काय? जेलीवर पाणी? कोणीतरी पाणीपण पाजलंय!"

मी आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं. मी म्हटलं, "आईशप्पथ, मी नाही!" तोंडातला फेस सगळा बनियनवर.

आणि आबा हळूच म्हणाले, "मी."

अरे, आबा! ज्यांनी अट घातली तेच! ते उंबऱ्यावरच टेकले. म्हणाले, "सकाळी वावरात जायच्या आधी उघडत व्हतो. जरासंक. आपून नवं रोप लावतो तं रोज फिरून पाह्यतो का नाही, हात लावतो का नाही? आन् हे लेकरं दिवसरात कोंडेल. माह्याच जीव घाबरे. मंग वाटलं, तहान लागली असन..."

मला वाटलं ताई आता भडकणार. ती उठली, आणि आबांच्या शेजारी उंबऱ्यावर जाऊन बसली. म्हणाली, "आबा, यांना आत सगळं असतं. खायला, प्यायला. मुळ्या येईपर्यंत आपण फक्त वाट बघायची असते."

"मंग तू सांगतलं काहून नाही, उघडू नका म्हनून?"

"मला काय माहीत तुम्ही त्यांना वारा घालायला उठाल!"

आबांना हसू आलं. मग एकदम गंभीर झाले. "हे आता नीट व्हईन?"

"नाही. या गेल्या."

"पन कुठं चुकलं ते तुले नुसतं पाहून समजलं."

"हो."

आबा अंगणाकडं बघत राहिले. म्हणाले, "गेल्या साली व्हायरस आला. पानं पिवळी पडली, अर्धं वावर उपटून फेकलं. मी कोनाले इचारलं? दुकानवाल्याले. त्यानं पावडर देली. मी टाकली. त्याले बी काही समजत नव्हतं आन् मले बी." मग ताईच्या डोक्यावर हात ठेवला. आमच्याकडं असं कोणी करत नाही रे, मी पहिल्यांदाच बघितलं. "जाय तू जळगावले."

आई म्हणाली, "अहो, पन मुळ्या तं फुटल्याच नाहीत!"

"म्या फुटू देल्या नाही," आबा म्हणाले. "तिचा काय गुन्हा?"

आणि आता मजा. दुपारी प्रेमराजकाका आले उत्तर विचारायला. आबा म्हणाले, "कामिनी नाही येनार. ती शिकू राह्यली."

काका आबांना म्हणाले, "तोताराम, बाटलीतल्या झाडाचं शिकून पोरगी काय करीन?"

तर आबांनी त्यांचा हातच धरला, सरळ मधल्या खोलीत नेलं, नासकी बाटली ट्यूबजवळ धरली आणि सुरू! "हे पाह्य, बुडाशी गढूळ असन तं रोपातच खोट. वर ठिपका असन तं हवेतली. समजलं?" काकांना काही समजलं नव्हतं. ते म्हणाले, "कोनी उघडली मंग?"

आबा म्हणाले, "व्हता एक अडानी. तू चहा घेशीन का?"