माळ्यावरची दक्षिण

कुमुदच्या घराला तीनच दिशा होत्या. पूर्व, पश्चिम आणि उत्तर. दक्षिण नव्हती, आणि बार्शीतल्या त्या गल्लीत कुणाला त्याचं काही वाटतही नसे. तिचे सासरे तात्या यांनी घर बांधतानाच ती गवंड्याकडून काढून घेतली होती. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. ती ठेवा कशाला आणि रोज घाबरा कशाला? त्यामुळे घर तिकोनी झालं, पण कुमुदला झाडायला एक कोपरा कमी असे.

यमाला वाटच नसल्यामुळे त्या घरात कधी कुणी मेलं नाही. झुरळांवर फवारा मारला की ती शिंकायची आणि पुन्हा कामाला लागायची. तात्यांनी शंभरी कधी ओलांडली हे तात्यांनाही आठवत नव्हतं. ते फक्त हलके होत चालले होते. पंखा लावायचा तर त्यांच्या मांडीवर आधी वरवंटा ठेवावा लागे. बाकी माणूस खणखणीत. सासऱ्याचं आणि सुनेचं मेतकूट असं जमलेलं की कुमुदचा नवरा श्रीरंग म्हणायचा, "या घरात भाडेकरू तेवढा मीच."

मग सोलर बसवायचं निघालं. कुमुदनं हौसेनं गच्ची मोकळी केली. मोडकी खाट खाली आली, पाण्याची टाकी उत्तरेला सरकली, वाळत घातलेल्या कुरडया जिन्यात गेल्या. सोलरवाला मुजावर मोबाईलमधलं होकायंत्र घेऊन गच्चीभर फिरला. काट्याचं टोक उत्तरेला थांबत होतं, शेपूट मात्र कुठंच टेकत नव्हतं.

"वहिनी, दक्षिण कुठं ठेवलीय?"

"लावलेलीच नाही आम्ही."

"मग पॅनेलची तोंडं कुणीकडं करायची? दक्षिणेशिवाय जमत नाही बघा. काढून ठेवा, मी जेवून येतो."

दक्षिण माळ्यावर गणपतीच्या मखरामागं होती, तात्यांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेली. हाताला कोमट लागली. तिला उन्हात टाकलेल्या गादीचा वास येत होता. कुमुदला तो वास फार आवडला, आणि मग तिच्या ध्यानात आलं. दक्षिण आली की वाट आली, आणि वाट आली की तात्या गेले. ती खाली उतरली, गुंडाळी ज्वारीच्या डब्यात खोल खुपसली आणि झाकण दाबून बसवलं.

"सोलर नको," ती श्रीरंगला म्हणाली. "आहे ती वीज पुरतेय आपल्याला."

"अगं, मी कुठं मागवलंय? मला वाटलं, तू."

दोघांनी तात्यांकडं पाहिलं. ते पंख्याखाली बसून शेंगा फोडत होते.

"मी केला फोन," तात्या म्हणाले. "पोरी, ज्वारीचा डबा बघ. तडतडायलाय."

डबा खरंच तडतडत होता. आत लाह्या फुटत होत्या. कुमुद त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली, हात भाजला तरी काढला नाही.

"तात्या, काय कमी केलं हो मी तुमचं?"

"काहीच नाही. म्हणून तर. पोट भरलं की पानावरून उठावं माणसानं. तू वाढतच बसलीस तर मी उठू कसा?"

"आग्रह केला नसता तर तुम्हीच म्हणाला असता, सून कंजूष आहे."

"झाला की आग्रह. भरपूर झाला. जेवण फार छान झालं."

कुमुदला रडू आलं, आणि रडताना जरा बरंच वाटलं, त्याचा तिला राग आला. तिनं झाकण उघडलं. लाह्या केसांत उडाल्या. दक्षिण तिनं गच्चीवर नेली, झटकली आणि कठड्यावर पसरली. ती आपणहून जागेवर बसली. घर चौकोनी झालं, चौथा कोपरा बाहेर आला, आणि त्यात इतक्या वर्षांचा केर निघाला. मुजावरनं पॅनेल बसवले, नट आवळले, वायर खाली सोडली. स्वयंपाकघरात झुरळं एकेक करून उताणी पडली.

तात्या दक्षिणेला निघालेल्या नव्या खिडकीशी जाऊन बसले. खिडकीतून एक पांढरा रस्ता सरळ दक्षिणेला गेला होता. त्यावरून एक काळा रेडा रमतगमत येत होता. पाठीवर डोक्याला पंचा गुंडाळलेला कुणी तरी बसला होता.

"उन्हातून आलाय बिचारा," तात्या म्हणाले. त्यांचा चेहरा लग्नघरातल्यासारखा खुलला होता. "चहा टाक पोरी. त्याला पण टाक."

"तो थांबणार आहे का चहाला?"

"आपल्या दारातून चहा न घेता कोण गेलंय आजवर? चहा झाला की निघू म्हणेल."

म्हणजे चहा होईपर्यंत तात्या आपले, एवढं कुमुदला नीट कळलं. तिनं पातेल्यात चार कपांचं पाणी घेतलं. मग वर एक तांब्या ओतला. मग आणखी एक. दूध, साखर, पूड पडून पातेलं काठोकाठ भरलं तेव्हा तिनं ते दोन्ही हातांनी उचललं आणि अगदी सावकाश विजेच्या शेगडीवर ठेवलं. शेगडी आता दक्षिणेच्या उन्हावर चालत होती. पातेलं टेकतं न टेकतं तोच चहा भसकन वर आला.