पुन्हा मांड

ज्यांनी जन्मात घोड्याच्या शेपटीला हात लावला नाही, अशी माणसं ‘मांड’ हा शब्द वापरायची, याचा मास्तरांना फार राग. पाहुणा हलत नाही, तर म्हणे मांड ठोकून बसलाय. साहेब खुर्ची सोडत नाही, तोही मांड ठोकून बसलेला. मास्तर म्हणायचे, “अरे, बूड टेकलं म्हणजे मांड होत नाही. मांड्यांनी जनावराच्या कुशी धरायच्या, पाठ ताठ, टाचा खाली. मग खालचं जनावर बुजो, उधळो, दोन पायांवर उभं राहो, तुम्ही त्याच्यावरच. याला मांड म्हणतात.” त्यावर मास्तरीणबाई भाकरी उलटावी तितक्या सहज त्यांना उलटवायच्या. “घरात मांड ठोकणारे तुम्हीच एक. ताट पुढ्यात आल्याशिवाय हलत नाही.” कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर सुटलेले धागे कापून आलेल्या बाईला एवढं बोलायचा हक्क होता आणि मास्तर तो मान्य करून हसायचे.

गावाबाहेरच्या घोडेस्वारीच्या शाळेत ते शिकवत. शाळा दुसऱ्याची, घोडे दुसऱ्याचे, पण शिस्त मास्तरांची. त्यांचा एक नियम पागेतल्या घोड्यांनाही पाठ असेल. पडलात तर कपड्याची धूळ झटकायच्या आत पुन्हा मांड घ्यायची. पडलेला माणूस घरी गेला की रात्रभर भीतीला खाऊपिऊ घालतो आणि सकाळपर्यंत ती त्याच्यापेक्षा मोठी होते. जनावरही शिकतं की असं केलं की हा वरून उतरतो. म्हणून लगेच, रडत का होईना, वर. मास्तरांचं गळ्याजवळचं हाड मोडलेलं असताना त्यांच्या गुरूंनी त्यांना वर चढवलं होतं आणि ही गोष्ट मास्तर अभिमानाने सांगत. नियम वाईट नव्हता. शेकडो पोरं त्या नियमावर तयार झाली होती, आणि म्हणूनच त्याच्यावर शंका घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

त्यांची स्वतःची पोर, घरातली चिमी, सतरा वर्षांची, तिची मांड तर बघत राहावी अशी. त्या सकाळी रिंगणाच्या कडेला एक जोडपं मुलाला घेऊन शाळा बघायला आलं होतं. त्यांना दाखवायला म्हणून मास्तरांनी चिमीला तांबड्या घोडीवर बसवलं. गवताच्या गंजीवरची ताडपत्री वाऱ्याने फडफडली, घोडी बुजून आडवी उडाली आणि चिमी पाठीवर पडली, रिंगणाच्या लाकडी कठड्यावर.

घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार धावला. मास्तरांनी त्याला हातानेच थांबवलं.

“ऊठ,” ते म्हणाले. “मांड घे.”

चिमी उठली. कोपरांवर, मग गुडघ्यांवर, मग उभी. तोंड पांढरं पडलं होतं.

“बाबा, पाठीत काहीतरी वेगळंच होतंय.”

“पाठीचं नंतर बघू. आधी वर.”

खरं सांगायचं तर त्या क्षणी मास्तरांना पोरीपेक्षा कठड्यापलीकडचं जोडपं जास्त दिसत होतं. मास्तरांची मुलगी पडली आणि लंगडत निघून गेली, हे त्या दोघांना दिसायला नको होतं. चिमीने रिकिबीत पाय घातला. मोतद्दाराने खालून आधार दिला. एक फेरी तिने चालीत घातली. मास्तर म्हणाले, आता दुडकी. दुडकीत स्वार दर पावलाला उचलला जातो आणि खाली आपटतो. ज्याची पाठ धड आहे त्याला त्याचं काही वाटत नाही. दुसऱ्या फेरीत चिमी न सांगता थांबली आणि म्हणाली, “बाबा, माझे पाय कुठे गेले?” मग ती पोत्यासारखी एका बाजूला घसरली आणि मोतद्दाराने तिला झेललं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी फोटो उजेडासमोर धरला. मास्तरीणबाई कारखान्यातून तशाच आल्या होत्या, पदराला धागे चिकटलेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, हाड मोडलं ते पडताना, पण मणका सरकलाय तो त्यानंतर. मग त्यांनी विचारलं, “पडल्यावर हिला हलवलं होतं का कुणी?”

मास्तरांनी तोंड उघडलं. त्यांना सांगायचंच होतं, याची शपथ घ्यायला ते आजही तयार आहेत. पण खाटेवरून चिमी आधी बोलली.

“मीच उठले. पुन्हा घोडीवर बसले. बाबा नको नको म्हणत होते.”

मास्तरांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग त्यांनी ते मिटलं. मिटायला काहीच जोर लागला नाही, याची त्यांना पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “कधी कुणाचं ऐकलंय हिने? बाप नको म्हणतोय तरी?” आणि त्या रडू लागल्या.

पाय परत आले नाहीत. येणार नाहीत असं डॉक्टरबाईंनी सरळच सांगितलं. शाळा बघायला आलेलं जोडपं पुन्हा फिरकलं नाही. मोतद्दार मूग गिळून गप्प बसला. स्वतःच्या पोटावर पाय कोण आणून घेईल? आणि घरात चिमीचा हट्टीपणा ही एक ठरलेली गोष्ट झाली. आई तिचं सगळं करायची, न्हाऊ घालायची, केस विंचरायची, पण हात चालू असताना तोंडही चालायचं. “एकदा, एकदा बापाचं ऐकलं असतंस.” मावशी आली, तिनेही तेच ऐकवलं. शेजारीण आली, तिनेही. चिमी म्हणायची, “हो, चुकलं.” मास्तर तेवढ्यात पाणी आणायला उठायचे. त्या घरात मास्तरांइतकं पाणी कुणीच आणत नव्हतं.

एक काम मात्र ते जीव ओतून करत. खोगिराखाली घोड्याची पाठ कशी सोलते, हे त्यांना ठाऊक होतं. चादरीची एक सुरकुती ते राहू देत नसत. ठरल्या वेळी कूस बदलायची, पाठीवरून तळहात फिरवून कुठं गरम लागतं का बघायचं. तो हात फिरवताना त्यांना मोडलेली जागा बोटांखाली लागायची. दर वेळी लागायची.

शाळेत ते जात होते, जावंच लागत होतं. एके दिवशी एक गुबगुबीत मुलगा म्हाताऱ्या घोड्यावरून भुसकन वाळूत पडला. काही लागलं नव्हतं. तो उठला आणि स्वतःच शहाण्यासारखा रिकिबीकडे गेला. “मास्तर, पुन्हा मांड घ्यायची ना?” मास्तरांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं, वाळूत आडवं पाडलं आणि हलू नकोस म्हणून असे ओरडले की पोराने घाबरून चड्डी ओली केली. मालकांनी मास्तरांना दोन दिवस घरी बसायला सांगितलं.

घरी बसणं त्यांना जमेना. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरीणबाई मोरीत कपडे धूत होत्या. मास्तर चिमीच्या खाटेशी जाऊन बसले.

“मी आज तुझ्या आईला सांगणार आहे,” ते हळूच म्हणाले.

चिमीने पुस्तक मिटलं. “काय?”

“काय ते तुला माहीत आहे. मीच चढवलं. दुडकीही मीच सांगितली. तू माझ्यासाठी एवढं केलंस पोरी. बोलणी खाल्लीस. मला हे आता सहन होत नाही.”

“तुमच्यासाठी?” चिमी म्हणाली.

मोरीत धोपाटणं आपटत होतं. ते थांबलं की चिमी थांबायची, सुरू झालं की बोलायची.

“डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा तुमच्यासाठीच बोलले. तुमचं तोंड बघवलं नाही म्हणून. पण ते तेव्हा. आता तुम्ही आईला सांगाल. रडाल. मोकळे व्हाल. आई तुम्हाला घरात ठेवेल?”

बायकोला मास्तर ओळखून होते.

“आणि ठेवलं तरी तुमचा हात माझ्या अंगाला लागू देईल? आईची कंबर बघितलीत? मला उचलायला दोन माणसं लागतात बाबा. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, परत खाटेवर. रोज. ते दुसरं माणूस कोण, मावशी?”

“पण तू किती दिवस बोलणी खाणार?”

“मला तुमच्यावर राग आहे,” चिमी म्हणाली. आवाज चढला नाही. “खूप आहे. सकाळी डोळे उघडले की आधी तो असतो. पण राग मला खाटेवरून उचलत नाही. म्हणून तुम्ही सांगायचं नाही. तुम्हाला सहन होत नसेल तर नाही झालं. मलाही होत नाही.”

माफी मिळेल, निदान शिवी तरी मिळेल, अशा अपेक्षेने मास्तर आले होते. यातलं काहीच मिळण्यासारखं नव्हतं. गेले कित्येक महिने पोरीने आपल्याला वाचवलंय असं ते समजत होते, आणि तिने त्यांना नुसतं कामाला ठेवलेलं होतं.

मास्तरीणबाई पदराला हात पुसत आत आल्या. “गप्पा नंतर मारा. उचला हिला, पाणी निवतंय.”

त्यांनी चिमीच्या काखेत हात घातले. मास्तर गुडघ्यांकडे वाकले. पहिल्यांदा त्यांची पकड सुटली.

“एवढंही धरवत नाही?” मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि मग सवयीने, थकल्या आवाजात, लेकीला, “बघ, काय हाल करून ठेवलेस बापाचे. एकदा ऐकलं असतंस त्यांचं.”

“हो आई, चुकलंच माझं,” चिमी म्हणाली. ती मास्तरांकडे बघत होती. मग तिने त्यांच्या गळ्यात हात टाकला, कारण उचलताना तसं केल्याशिवाय तोल राहत नाही.