तिथीच्या पाऊणपट

टेबलावर सात वस्तू होत्या : बाबांचा जुना कॅल्क्युलेटर, त्यातले दोन पेन्सिल सेल, पाठचं झाकण, झाकणाची तुटलेली जीभ, काळ्या पडलेल्या चिकटपट्टीचा गोळा आणि मिलिमीटर मोजायची माझी व्हर्नियर.

"बग रुतिका, झाकन बसत नाय," बाबा म्हणाले. "मदीच आकडं जातान. मना येड नाय लागला."

"कोण म्हणतंय?"

"सगला गाव म्हनतंय," आई ओट्याजवळून म्हणाली.

सारसोळ्याचे होडीवाले निघण्याआधी बाबांना फोन करायचे. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ मिळते. पॉइंट पंचवीस म्हणजे सव्वा, हे बाबांनीच मला दुसरीत याच कॅल्क्युलेटरवर शिकवलं होतं. गेल्या त्रयोदशीला पावणेदहाऐवजी त्यांनी होडीवाल्या कमळाकरकाकांना सव्वातीन सांगितलं. ऐन ओहोटी. होडी जेट्टीसमोर चार तास चिखलात रुतून बसली. त्यानंतर फोन आले नाहीत.

मी हिशेब मांडून पाहिला. सेल हलला, पडदा पुसला गेला, बाबांनी पुन्हा तेरा दाबून थेट चाराने भागलं, तर उत्तर येतं ३.२५. सव्वातीनच. म्हणजे दोष झाकणाचा. मला फार बरं वाटलं. पण एका उदाहरणावरून सिद्ध काहीच होत नव्हतं.

काकांना मी तसं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मशीन बिघडलं आसंल तं परत तुज्या बापाला, तुळशीदादालाच इचारीन. पन खरा सांग हां पोरी. पानी कोनाचं ऐकत नाय."

कॉलेजच्या जुन्या ओळखपत्रातून चार बाय दोन मिलिमीटरचा तुकडा कापला, फेव्हिक्विकने झाकणाला चिकटवला आणि सांध्यावर खाण्याचा सोडा भुरभुरला, म्हणजे तो दगडासारखा घट्ट होतो.

"झाकनाचा ढोकला करतंस काय?" आई म्हणाली. बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी.

झाकण टक्कन बसलं. वीस वेळा हलवून पाहिलं. पडदा गेला नाही.

"आता घे माजी परीक्षा," बाबा म्हणाले.

पंधरा तिथींच्या पंधरा चिठ्ठ्या केल्या. मी एकेक काढून वाचायची, बाबांनी वेळ सांगायची.

"तृतीया."

"सव्वादोन."

"द्वादशी."

"नऊ. सोप्पा हाय."

"सप्तमी."

पडद्यावर ५.२५ आलं. बाबा बघत राहिले. अंगठा सवयीने झाकणावर दाबलेला होता; आता त्याची गरज नव्हती.

"पाच वाजून पंचवीस," ते म्हणाले.

मी वहीत फुली मारली. तृतीयेचा सव्वा त्यांना कळला होता, सप्तमीचा कळला नाही. एकादशीचा चुकला, पौर्णिमेचा पुन्हा बरोबर आला. चतुर्थीला तर त्यांनी गुणलंच नाही. मला यात काही नियम सापडेना.

"झाकन गेला का परत?" त्यांनी कॅल्क्युलेटर उलटा करून पाहिला.

"नाही बाबा. बसलंय."

"मग?"

आईने गॅस बारीक केला. मी उरलेल्या चिठ्ठ्या वाचल्या.

शेवटची संपल्यावर बाबांनी कॅल्क्युलेटर सदऱ्याला पुसून माझ्यासमोर ठेवला. "लाव कमल्याला फोन. जा काय जालाय, ता खरा सांग."

फोन लावण्याआधी मी वहीत लिहिलं : पडदा बंद पडला – शून्य वेळा. बरोबर उत्तरं – पंधरापैकी नऊ.