निवेदकाला वाचून दाखवावे

“एका माणसाच्या आयुष्यात अख्खा समाज सापडतो!” संशोधक बाई म्हाताऱ्याच्या उजव्या कानात ओरडल्या. तिसऱ्या खेपेला समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी खिडकी लावून घेतली, आणि म्हातारा म्हणाला, “असेल. वाचा तुम्ही.”

चाळीस वर्षे फाउंड्रीत काम करून निघताना त्याने कान तिथेच ठेवले होते. त्याची जीवनकथा बाईंनी तीन बैठकांत ध्वनिमुद्रित केली होती. लिहून काढलेले कथन निवेदकाला वाचून दाखवावे, असा त्यांच्या शास्त्राचा नियम. निवेदक बहिरा असल्यास काय करावे, यावर शास्त्र गप्प होते.

“आमची ही बाजारातनं यायच्या आत उरका,” म्हातारा म्हणाला. “तिच्या कानावर गेलं तर या वयात मला घर राहायचं नाही.”

तो खिडकीकडे तोंड करून बसला. बाईंनी घसा खाकरून वरच्या पट्टीत सुरुवात केली.

“‘मेव्हण्यानं संप फोडला. मी घण उचलला. पहिल्या घावात त्याचा जबडा गेला. दात थुंकत हात जोडायला लागला, तेव्हा दुसरा घातला, डोक्यात. तरी पाय झाडत होता. तिसऱ्यानंतर थांबला. रक्तावर साच्याची वाळू ओतली. बायकोला सांगितलं, तुझा भाऊ कारखान्याच्या जिन्यावरनं पडला. मालकानंही तेच लिहून दिलं.’”

पान उलटताना बाईंनी वर पाहिले. दारात म्हाताऱ्याची बायको उभी होती, हातात भाजीची पिशवी.

“काकू...” बाईंचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच खाली आला.

“त्या कारखान्याला जिनाच नव्हता हो,” काकू म्हणाल्या. “दुसऱ्याच दिवशी बघून आले होते मी.” पिशवी खाली ठेवताना त्यांनी भिंतीला हात लावला, आणि तो तिथेच राहू दिला. “हात जोडले होते, एवढं मात्र ठाऊक नव्हतं.”

बाईंनी पेनाचे टोपण काढले, पुन्हा लावले.

“पुढं वाचा की!” म्हातारा खिडकीशी बोलला.

काकूंनी त्याच्या पाठीकडे बोट केले.

“तेव्हापासून सकाळचा चहा हेच करतात,” त्या म्हणाल्या. “एक दिवस चुकवला नाही. मला माहितीय हे तेवढं सांगू नका त्यांना. गुडघे दुखतात हो माझे.”