डोंगर कधी फुटेल

ज्वालामुखीखालची आमची जमीन सकाळपासून हादरत होती. शेजारच्या हालबेराची आई अंथरुणाला खिळलेली. हलवलं तर वाटेतच जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

"तुझ्या नवऱ्याने ग्रहणाची वेळ मिनिटासकट सांगितली," हालबेरा म्हणाली. "तू जन्मभर याच डोंगराचे दगड फोडून तपासलेस. कधी फुटेल, एवढं सांग ना गं!"

"त्याला चंद्राची वाट उघडी दिसते. माझं सगळं जमिनीच्या पोटात. झालेलं मला वाचता येतं बाई, होणारं नाही."

मी दाराबाहेरचा बर्फ उकरून तळहात टेकला. खालची माती कोमट लागली. रोजची प्रार्थना ओठांवर येईना.

"उचलू या तिला," मी म्हणाले. "चुकले तर शाप दे मला."

"शापाने आई परत येते होय?" म्हणत तिने आईच्या पायांत लोकरीचे मोजे चढवायला घेतले.