सुपारीचं देवपण

मी सुपारी बोलतेय. खायचीही आणि पूजेचीही. माणूस मारायची 'सुपारी' देतात ती मी नव्हे, पण नाव माझंच वापरतात. एकाच नावाने तुम्ही देवही बसवता आणि खूनही ठरवता, तेव्हा नीती-अनीतीच्या गप्पा माझ्यासमोर जरा जपून करा.

माझा जन्म श्रीवर्धनच्या एका वाडीतला. सोललं, वाळवलं, पोत्यात भरलं आणि फिरत फिरत नागपूरच्या अलकनंदाबाईंच्या डब्यात येऊन पडले. बाईंना जेवणानंतर सुपारी लागतेच. २०२० च्या सुरुवातीला त्या मुलाकडे आयर्लंडला निघाल्या, तेव्हा आमचा डबा बॅगेत आला. डब्लिनच्या विमानतळावर अधिकाऱ्याने डबा हलवून विचारलं, हे काय? बाई म्हणाल्या, "मेडिसिन." त्या रोज स्तोत्रं म्हणतात, एकादशी सोडत नाहीत, पण तेव्हा त्यांची जीभ जराही अडखळली नाही.

मग करोना आला, विमानं बंद झाली आणि बाई तिथंच अडकल्या. डब्यातल्या माझ्या बहिणी एकेक करून अडकित्त्यात गेल्या. शेवटी मी एकटीच उरले. बाई झाकण उघडून माझ्याकडे ज्या नजरेने बघायच्या, ती नजर काही भक्ताची नव्हती.

मला वाचवलं सत्यनारायणाने. पुढच्या जानेवारीत ज्ञानेशने, म्हणजे बाईंच्या मुलाने, डब्लिनच्या क्लोनडॉकिन भागात घर घेतलं आणि बाईंनी पूजेचा हट्ट धरला. ज्ञानेश चेरीवूडच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. एकटा राहतो आणि देव मानत नाही.

"आई, मी बसतो, पण माझा विश्वास नाहीये."

"विश्वास राहू दे बाजूला. तू पीतांबर नेस."

मोरेश्वर गुरुजी नागपूरहून झूमवर आले. मॉनिटरच्या खोक्यावर लाल कापड, त्यावर तांदळाची रास, राशीवर विड्याच्या पानाऐवजी पालकाचं पान आणि पानावर मी. गुरुजींनी मंत्र म्हटला आणि मी गणपती झाले. सुपारी असताना मी 'ती' असते, देव झाले की 'तो'. एवढी बढती बायकांना एरवी कुठे मिळते?

पूजा झाली, कथा झाली, आरतीही झाली. उत्तरपूजा तेवढी राहिली होती. अक्षता वाहून, 'पुन्हा या' म्हणून देवाला जागचं जरासं हलवायचं, की त्याचं देवपण उतरतं. नेमकी तेव्हाच नागपूरची लाईट गेली आणि गुरुजी तोंड उघडं ठेवून पडद्यावर गोठले. ज्ञानेश मला उचलायला आला तर बाई ओरडल्या, "हात नको लावू. देव आहे तो अजून."

दुसऱ्या दिवशी बाईंना ताप भरला. मग धाप लागायला लागली. ॲम्ब्युलन्सवाले दारात उभे असताना बाई ज्ञानेशला म्हणाल्या, "देवाला असाच टाकू नको. रोज दिवा लावशील नं?" आणि मग हळूच, "मी नाही आली परत, तर माझं करशील का रे सगळं? देवच नाही म्हणतोस तू. मग आईचं काहून करशील?"

त्याने उत्तर द्यायच्या आत ॲम्ब्युलन्सचं दार लागलं.

आता घरात तो आणि मी. त्यालाही बाहेर पडायची बंदी होती. संध्याकाळी तो माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "हे बघ, तू सुपारी आहेस. तुलाही माहितीये, मलाही माहितीये." मला हे मान्यच होतं. दिवा न लावता 'लावला' म्हणाला असता तरी बाईंना कुठे कळणार होतं? पण त्याने दिवा लावला. उदबत्तीही लावली, तर धुराचा अलार्म कोकलायला लागला आणि देवासमोरच त्याच्या तोंडून दोन शिव्या गेल्या.

शेजारच्या आयरिश मोराबाई रोज पायरीवर दूध ठेवून लांब उभ्या राहायच्या. "तुझ्या आईसाठी मी कॅन्डल लावतेय," त्या एकदा इंग्रजीत म्हणाल्या. "माझा तर त्यातल्या कशावरच विश्वास उरला नाहीये. पण आता बघ ना, हातांनी दुसरं करायचं तरी काय?" ज्ञानेशने मान डोलावली.

मग तो माझ्याशी बोलायला लागला. आधी ऑफिसमधलं, मग ऑक्सिजनचे आकडे. एकदा बोलता बोलता रडला. म्हणाला, "ती उत्तर न ऐकताच हॉस्पिटलात गेली. मी हो म्हणायला हवं होतं गं." मला 'गं' म्हणणारा माझा एकुलता एक भक्त.

शेवटी हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉल आला. नाकात नळी असताना बाईंचा पहिला प्रश्न, "दिवा लावतोस?"

"रोज."

"खरं सांग."

"आई, मी देव मानत नाही. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?"

बाईंनी नाकातली नळी सारखी केली. मग म्हणाल्या, "नाही बोलणार तू. माझंही करशील."

"करीन. तू म्हणशील तसं, शब्दन् शब्द."

बाई बऱ्या होऊन घरी आल्या. गुरुजींचा फोन काही लागेना, तेव्हा बाईंनी सांगितलं तसे ज्ञानेशनेच अक्षता वाहिल्या, अडखळत मंत्र म्हटला आणि मला जागचं हलवलं. माझं देवपण उतरलं. बाईंनी लगेच अडकित्ता काढला.

"राहू दे ना आई."

"आता कुठे देव आहे ती? सुपारी आहे." बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "काहून, मानायला लागला का तू?"

"नाही गं. पण तू नव्हतीस तेव्हा मी हिच्याशी बोलायचो."

बाईंनी मला त्याच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "मग ठेव बाप्पा."

विमानं सुरू झाली आणि त्या नागपूरला गेल्या. मी आता त्याच्या टेबलावर असते, लॅपटॉपशेजारी. दिवा नाही, नैवेद्य नाही आणि माझी तक्रारही नाही. परवा मीटिंग संपल्यावर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ऐकतेयस ना?" मला तोंड नाही. देव होते तेव्हाही नव्हतं. तुम्हाला तो कुठे भेटला, तर माझ्या वतीने एवढंच सांगा, की हो, ऐकतेय.