गुरुजींचं नवं कार्ड

गुडीहत्नूरच्या आसपास कुणाचं बाळ कितव्या लसीला आलंय, ते देवाजी गुरुजींना तोंडपाठ असायचं. जन्मलं की बीसीजी, दीड महिन्यापासून पेंटाचे तीन डोस, नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. नोकरीत असताना ते पोरांना शाळेच्या व्हरांड्यात रांगेत उभं करत आणि "मुंगी चावते तेवढंच रे" म्हणत. सुई बाहेर निघाली की मात्र हजेरीपट आणायला म्हणून ऑफिसात जात. गुरुजी सुईला भितात, हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्या बुधवारी सून वृषालीला शाळेतून रजा मिळाली नाही. पाच वर्षांच्या नातीला, दीपमालेला, बूस्टर द्यायला गुरुजींनाच आरोग्य उपकेंद्रात जावं लागलं. पोरगी घरूनच अडून बसेल म्हणून त्यांनी सरळ थाप मारली, "दोन थेंब पाजतात, बस."

उपकेंद्रात जयवंता सिस्टर होती, गुरुजींचीच जुनी विद्यार्थिनी. तिनं सुई काढली तशी दीपमाला बाकाखाली शिरली.

"आबाजी, थेंब म्हनले होते ना तुमी!"

"अवं, हे त्याहून चांगलं हाये," गुरुजी खाली वाकून समजावू लागले. "एकाच सुईत तीन रोग पळतात. घटसर्प, डांग्या खोकला आन् धनुर्वात."

"धनुर्वात काय असते?"

प्रश्न विचारला की गुरुजींना राहवत नसे. "पायात गंजका खिळा गेला, का त्या जखमेतून..." एवढं बोलून त्यांनी आपला एक पाय हळूच मागे घेतला.

बाकाखालून दीपमालेनं त्यांच्या पायाकडे पाहिलं. मग ती सिस्टरला म्हणाली, "काल गोठ्यात आबाजीच्या पायात खिळा गेला. हळद भरली अन् मले बिस्कुट देल्लं. आईले सांगू नोको म्हने."

"गुरुजी!" जयवंता सिस्टर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "चप्पल काढा."

जखम धुऊन झाली. "याआधी धनुर्वाताचं टीटी कधी घेतलं होतं?" सिस्टरनं विचारलं. साऱ्या गावाच्या तारखा सांगणारे गुरुजी छताकडे पाहू लागले.

"घेतलंच नाही काऊन?"

"राहून गेलं, बाई."

"पहिले आबाजी," बाकाखालून हुकूम आला. "मंग मी."

पळायला ऑफिस नव्हतं. गुरुजींनी बाही वर केली, डोळे गच्च मिटले आणि सुई टोचताच "आई गं!" असं ओरडले की बाहेर बसलेल्या बायका उठून दारात आल्या.

"दुखलं?" दीपमालेनं विचारलं.

मुंगीचं नाव गुरुजींच्या ओठावर आलं होतं. पण पोरीला एकदा फसवलं होतंच. "व्हय, दुखलं," ते म्हणाले. "पन पाह्य, आता तेवढं नाही."

तिनं क्षणभर विचार केला आणि बाहेर येऊन दंड पुढे केला. रडली मोठ्यानं, पण हात हलवला नाही. सिस्टरनं दोघांनाही अर्धा तास बसवून ठेवलं आणि गुरुजींच्या नावाचं कोरं कार्ड भरलं. पुढचा डोस चार आठवड्यांनी.

संध्याकाळी वृषाली घरी आली. "मामाजी, लई त्रास देल्ला का हिनं?"

गुरुजी काही बोलायच्या आत दीपमाला म्हणाली, "मी फक्त रडली. आबाजीनं तर आईले हाक मारली!"

वृषालीनं कार्ड वाचलं, एकदा सासऱ्यांच्या पायाकडे पाहिलं आणि हसू दाबत चार आठवड्यांनंतरच्या बुधवारभोवती कॅलेंडरवर लाल गोल केला. "त्या दिवशी मी रजा टाकते," ती म्हणाली. "तुमाले धरायले कोनी तरी पाह्यजे."

गुरुजींनी पेपर उघडून चेहऱ्यासमोर धरला.